घर मागे ठेवण्याच्या अटीवर

मेक्सिकोतून अमेरिकेच्या शेतांवर राबायला गेलेल्या माणसाबद्दल कुणी लिहायला बसलं की दोन विशेषणं हटकून येतात. तो कष्टाळू असतो आणि कुटुंबवत्सल असतो. मृत्युलेखात हेच, नातवंडांनी सांगितलेल्या आठवणींत हेच, आणि त्याच्या श्रमावर गबर झालेल्या बागायतदारांच्या भाषणांतही हेच. विशेषणं बहुतेक वेळा खरी असतात, त्यामुळे त्यांच्याशी भांडण नाही. पण यातल्या पहिल्या गुणाचा निदान भाव तरी ठरलेला होता, तासाला इतके सेंट किंवा पेटीमागे इतके. दुसऱ्या गुणाचा भाव कुणी ठरवला नाही, कारण तो गुण फुकट मिळत होता. १९४२ ते १९६४ या बावीस वर्षांत ‘ब्रासेरो’ या नावाखाली सुमारे ४६ लाख करार झाले. एकच माणूस पुन्हा पुन्हा जात असल्यामुळे माणसं त्याहून बरीच कमी, तरी लाखांच्या घरात. हा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा होता. ज्याची बायको-पोरं मागे आहेत तो मान खाली घालून काम करील, पैसे घरी धाडील आणि हंगाम संपला की निमूट परत जाईल. त्या माणसाची घरावरची माया हा त्याचा खाजगी सद्गुण तर होताच, पण दोन सरकारं आणि हजारो बागायतदार यांच्या हिशेबात ती जमेला धरलेली रक्कमही होती. कौतुकाच्या भरात ही दुसरी बाजू झाकली जाते.

पुरुषांना एकटं नेण्याची पद्धत फार जुनी नव्हती, हे आधी लक्षात घ्यायला हवं. १९२०च्या दशकात मेक्सिकन मजूर जात तो बऱ्याचदा सगळं बिऱ्हाड घेऊन जाई. कोलोरॅडोतल्या साखर कंपन्यांना शुगरबीटच्या विरळणीसाठी कुटुंबंच हवी असत. बीटचं बी दाटीनं उगवतं, त्यातली रोपं उपटून एकेक ठेवायची, हे काम वाकून किंवा गुडघ्यांवर रांगत करायचं. त्यात लहान मुलांचे हात मालकाला सोयीचे वाटत. करार एकरावर, तोही घरातल्या कर्त्या पुरुषाशी, आणि राबायचं सगळ्यांनी. टेक्ससच्या कापूस वेचणीतही तेच. मग १९२९ची मंदी आली आणि हीच कुटुंबं नकोशी झाली. शाळेत जाणारी मुलं, आजारी पडणारी म्हातारी, सरकारी मदतीच्या रांगेत उभी राहणारी बाई हा खर्च गावावर पडतो अशी ओरड सुरू झाली, आणि लाखो माणसांना आगगाड्यांत आणि ट्रकांत घालून सरहद्दीपार पाठवण्यात आलं. त्यांत अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे कायद्यानं अमेरिकेची नागरिक असलेली असंख्य मुलं होती. या प्रकाराबद्दल कॅलिफोर्निया राज्यानं कायदा करून माफी मागितली ती २००५ साली. मंदीच्या त्या वर्षांतून बागायतदार आणि अधिकारी यांनी एक धडा मात्र लगेच घेतला. कुटुंब आलं की ते रुजतं. शेतात हात हवेत आणि गावात घर नको, असं हवं असेल तर पुरुष तेवढा आणावा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतली शेतीवरची माणसं फौजेत आणि कारखान्यांत गेली, आणि ४ ऑगस्ट १९४२ रोजी दोन्ही सरकारांत करार झाला. तो मूळ करार आज वाचताना आश्चर्य वाटतं, कारण कागदावर त्यात कुटुंब आहे. मजुराबरोबर येणाऱ्या चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावू नये, त्यांना इतर शेतमजुरांच्या मुलांइतकीच शाळेची सोय मिळावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्याच कागदात आणखी एक कलम आहे. घरातली जी माणसं वयामुळे किंवा बाई असल्यामुळे नेहमीइतकं काम उरकू शकत नाहीत, त्यांना मेक्सिकन सरकारच्या पूर्वपरवानगीनं ठरल्या दरापेक्षा कमी मजुरी देता येईल. म्हणजे मसुदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बायको आणि मुलगा होते, पण स्वस्तातले जादा हात म्हणून. प्रत्यक्षात तेही झालं नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये बीटच्या कामासाठी पहिली तुकडी कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला उतरली तेव्हा तीत पुरुषच होते, आणि शेवटच्या तुकडीपर्यंत पुरुषच राहिले. शाळेचं कलम कागदावरच राहिलं, कारण शाळेत जायला मूलच आणलं गेलं नाही. तासाला किमान ३० सेंट, कराराच्या पाऊण मुदतीइतकं काम मिळण्याची हमी, जाण्यायेण्याचा खर्च, राहायला जागा या बाकीच्या अटी पुरुषापुरत्या लागू झाल्या. आणि एक अट अशी की मजुरीतला दहावा हिस्सा कापून ठेवायचा. तो सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेल्स फार्गो बँकेमार्फत मेक्सिकोला जाणार, तिथल्या कृषी पतपेढीत साठणार, आणि परत आल्यावर त्यातून शेतीची अवजारं घेता येणार. माणसानं परत यावं यासाठी त्याचीच मजुरी अडकवून ठेवलेली. त्या पैशाचं काय झालं ते पुढे येईलच.

करार मिळवणं ही स्वतंत्र कसरत होती. हालिस्को, मिचोआकान, ग्वानाह्वातो, साकातेकास या मध्य-पश्चिमेकडच्या राज्यांतून सगळ्यात जास्त माणसं जात. गावच्या यादीत नाव यायचं तर नगरपालिकेतल्या कारकुनापासून वरपर्यंत हात ओले करावे लागत. त्यासाठी बैल विकायचा, नाहीतर जमीन गहाण टाकायची, नाहीतर दुकानदाराकडून व्याजानं पैसे काढायचे. मग एम्पाल्मे, चिवावा, मॉन्तेरे अशा भरती केंद्रांबाहेर दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे ताटकळायचं. सोनोरा राज्यात तर पन्नाशीच्या दशकात वेगळाच नियम निघाला. आधी तिथल्या बड्या शेतकऱ्यांचा कापूस ठरावीक वजनाचा वेचून द्यायचा, त्याचा दाखला मिळवायचा, मगच उत्तरेच्या कराराला पात्र. सरहद्दीवरच्या केंद्रात कपडे उतरवून तपासणी, अंगावर डीडीटीची फवारणी. १९५६ साली लेनर्ड नेडेल या छायाचित्रकारानं टेक्ससमधल्या हिडाल्गो इथल्या केंद्रात काढलेली छायाचित्रं आज स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहात आहेत. उघड्या अंगाची माणसं रांगेत उभी आहेत आणि तोंडावर फडकं बांधलेला एक कर्मचारी एकाच्या थेट चेहऱ्यावर भुकटी मारतो आहे. भरतीच्या वेळी तळहातही पाहिले जात. घट्टे नसतील तर माणूस शेतातला नव्हे, परत जा. हाताचे घट्टे पाहणाऱ्या या यंत्रणेला त्या हातावर किती पोटं आहेत याची नोंद करायचं कारण नव्हतं. पण कर्ज काढून इथवर पोचलेला माणूस करार अर्धवट टाकून पळणार नाही, हे ती पुरतं ओळखून होती.

मागे राहिलेल्या घराकडे वळलं की हिशेब उलगडतो. लाझारो कार्देनास यांच्या कारकिर्दीत, १९३४ ते १९४० या काळात, सुमारे १.८ कोटी हेक्टर जमीन भूमिहीनांना आणि अल्पभूधारकांना वाटली गेली. मिळाली ती ‘एहिदो’ या सामाईक पद्धतीनं. कसायची, मुलांना द्यायची, पण विकायची नाही. जमीन बव्हंशी कोरडवाहू, पाऊस जून ते सप्टेंबर, पीक मका आणि घेवडा. सलग दोन वर्षं न कसता पडीक टाकली तर हक्क जाण्याची भीती. म्हणजे नवरा उत्तरेला असताना ती जमीन कसणं हा पोटाचा आणि कायद्याचा, दोन्हीचा प्रश्न होता, आणि तो सोडवायचा बाईनं. नांगरट भाड्यानं करून घेणं, पेरणी, खुरपणी, सासू-सासऱ्यांचं आजारपण, मुलाची शाळा, गेल्या वर्षीच्या कर्जाचं व्याज आणि पोस्टातून येणाऱ्या डॉलरची वाट, हे सगळं तिच्याकडे. आना एलिसाबेथ रोसास या इतिहासकार बाईंनी हालिस्कोतल्या सान मार्तिन दे हिदाल्गो या गावच्या ब्रासेरो कुटुंबांवर २०१४ साली पुस्तक लिहिलं, त्यात या बायकांचं आणि मुलांचं जगणं बारकाईनं आलं आहे. (ज्या देशाचा शेतीचा गाडा या बायका ओढत होत्या त्यानं त्यांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा हक्क दिला १९५३ मध्ये, योजनेला अकरा वर्षं झाल्यावर.) आता बागायतदाराच्या वहीत यातलं काय चढलं? हंगामातले तास तेवढे. तो मजूर लहानाचा मोठा झाला त्याचा खर्च, हंगामाबाहेरच्या महिन्यांचं जेवण, आजारपण, म्हातारपण आणि पुढचा मजूर वाढवण्याचा खर्च हालिस्कोतल्या कोरडवाहू रानानं आणि तिथल्या बाईनं सोसला. कॅलिफोर्नियातली मजुरी स्वस्त होती, कारण मजुराचं घर तिथं नव्हतं. घर तिथं असतं तर त्याच मजुरीत ते चाललं नसतं, आणि हे मालकांना १९२०च्या दशकातल्या अनुभवावरून ठाऊक होतं.

मेक्सिकोच्या खेड्याला माणसं बाहेर धाडण्यावाचून दुसरा रस्ताच नव्हता, असं एक मत आहे. या मताला सगळ्यात चांगलं उत्तर एका वैदर्भीय माणसाच्या कामात सापडतं. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे गदर चळवळीनंतर परागंदा होऊन १९२०च्या दशकात मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या संकरावर संशोधन करू लागले. प्रयोगशाळेपुरतं न थांबता त्यांनी गावोगावी मोफत कृषी शाळा काढल्या. लहान शेतकऱ्याला त्याच्याच रानात चांगलं बियाणं आणि चांगली पद्धत शिकवायची, हा त्यांचा हेतू. चित्रकार दिएगो रिवेरा त्यांचे स्नेही आणि या कामातले साथीदार होते. या वाटेनं कोरडवाहू मक्याला सरकारी पाठबळ मिळत गेलं असतं तर ४०च्या दशकात इतकी माणसं बाहेर पडली असती का, याचं खात्रीचं उत्तर देता येत नाही. पण सरकारनं निवड दुसरी केली, एवढं खरं. १९४०नंतर पैसा गेला उत्तरेकडच्या धरणांना, कालव्यांना आणि बड्या बागायतींना. रॉकफेलर फाउंडेशनचं कृषी संशोधन १९४३ मध्ये सुरू झालं आणि त्यातलं नॉर्मन बोरलॉग यांचं गव्हाचं गाजलेलं काम फळाला आलं ते सोनोरातल्या याकी खोऱ्याच्या ओलिताखालच्या जमिनीत. त्याच गव्हाचं १८,००० टन बियाणं भारतानं १९६६ मध्ये आयात केलं. त्या गव्हाचे उपकार आपल्यावर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या सोनोराच्या पाटाच्या पाण्यानं तो पिकला, तिथंच हालिस्को-मिचोआकानचा कोरडवाहू शेतकरी अमेरिकेच्या कराराचा दाखला मिळावा म्हणून परक्याचा कापूस वेचत होता. एकाच देशाच्या एकाच शेतीधोरणाची ही दोन टोकं आहेत. माणसांचं बाहेर जाणं त्या धोरणातून निघालं, दैवातून नाही.

शेतावरची शिस्तही घराच्याच आधारावर टिकली. कॅलिफोर्नियाच्या सालिनास खोऱ्यातल्या लेट्यूसची विरळणी आखूड दांड्याच्या कुदळीनं करावी लागे. दांडा जेमतेम हातभर, त्यामुळे माणूस दिवसभर कमरेतून दुमडलेला. लांब दांड्यानं तेच काम होऊ शकतं हे उघड होतं, पण लांब दांडा असला की माणूस उभा राहतो, आणि उभा राहिलेला माणूस काम करतोय की नाही हे मुकादमाला लांबून कळत नाही. कॅलिफोर्नियात या कुदळीवर बंदी आली १९७५ मध्ये, योजना बंद होऊन दहा वर्षं उलटल्यावर. तोवर कित्येकांच्या पाठी कायमच्या गेल्या. ब्रासेरोनं तक्रार का केली नाही, असं विचारलं जातं. करारात तर तक्रारीची सोय होती, मेक्सिकन वकिलातही होती. एर्नेस्तो गालार्सा यांनी छावण्या फिरून तयार केलेल्या १९५६च्या अहवालात याचं उत्तर आहे. गालार्सा स्वतः नायारित राज्यातल्या डोंगरी खेड्यात जन्मलेले, लहानपणी सॅक्रामेंटोजवळच्या शेतांत राबलेले आणि पुढे कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले. त्यांना दिसलं ते असं: जेवणाचे पैसे कापले जातात, तास कमी लिहिले जातात, काम नसलेल्या दिवशीही खाणावळीचा आकडा चढतो, पण जो बोलतो त्याचं नाव पुढच्या हंगामाच्या यादीत येत नाही. नाव न येणं म्हणजे घरी कर्ज तसंच राहणं. ज्याला एकट्याचं पोट आहे तो चिडून कुदळ फेकून देऊ शकतो, ज्याच्या मनीऑर्डरकडे पाचसहा माणसं डोळे लावून बसली आहेत तो फेकत नाही. अमेरिकेच्या मजूर खात्यात ही योजना अखेरच्या काळात सांभाळणारे अधिकारी ली विल्यम्स यांनी पुढे तिला कायद्यानं चालवलेली गुलामगिरी म्हटलं, आणि हे शब्द पुष्कळ ठिकाणी उद्धृत होतात. मला ते पटत नाहीत. गुलामाला बांधून ठेवावं लागतं, त्याच्यावर पहारा लागतो. इथं पहाऱ्याचा खर्चच नव्हता. माणूस आपल्या माणसांसाठी आपण होऊन थांबत होता.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. कुणी जबरदस्ती केली नव्हती. उलट लोक लाच देऊन, उपाशीतापाशी रांगेत उभे राहून जात होते, आणि एकदा गेलेले पुन्हा पुन्हा जात होते. १९५६ या एका वर्षात ४ लाख ४५ हजारांवर करार झाले, ते काय सगळे फसलेले होते? शिवाय कागदावर तरी ब्रासेरोला जे मिळत होतं ते अमेरिकेतल्या देशी शेतमजुरालाही नव्हतं. किमान मजुरीच्या १९३८च्या कायद्यातून आणि संघटनेच्या हक्काच्या १९३५च्या कायद्यातून शेतमजूर वगळलेलाच होता. हे सगळं मान्य करून मी म्हणतो की माणसं शहाणपणानं जात होती. समोर असलेल्या पर्यायांतला बरा पर्याय ती निवडत होती, आणि त्या डॉलरांनी खरंच घरं उभी राहिली, मातीच्या भिंतींच्या जागी विटा आल्या, बैलजोडी आली, धाकटी मुलं शाळेत टिकली. माझा मुद्दा माणसांच्या निवडीबद्दल नाही, त्यांच्यापुढे मांडलेल्या पर्यायांबद्दल आहे. सगळी मिळून जा, हा पर्याय यादीतून काढून टाकला होता. बायकोपोरांसकट राहा आणि शेतीवर जगा, हा पर्याय घरच्या सरकारनं दुबळा करून ठेवला होता. उरलेल्यांतून माणसानं जे घेतलं त्याला त्याची मर्जी म्हणायला हरकत नाही; मात्र ती मर्जी पुढे करून मांडणी करणाऱ्यांना मोकळं सोडता येत नाही. आणि पुन्हा पुन्हा जाण्याचं कारणही त्यातच आहे. एका हंगामाचे डॉलर कर्ज आणि लाच फेडण्यात जात. शिल्लक पडे ती दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. सगळे कुठे कुटुंबवत्सल होते? काही गेले ते परतलेच नाहीत. काहींनी तिकडे दुसरा संसार मांडला, काहींचे डॉलर छावणीजवळच्या दारूच्या गुत्त्यात आणि जुगारात गेले. नवऱ्याचा पत्ता लागत नाही म्हणून बायकांनी थेट मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांना लिहिलेले अर्ज आहेत. तेव्हा ‘माया हे भांडवल होतं’ ही मांडणी भाबडी आहे, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं की हेच अर्ज मांडणीला बळकटी देतात. योजनेनं कुटुंब टिकवायची जबाबदारी एका माणसाच्या मनाच्या ताकदीवर सोडली होती आणि त्यासाठी कुठलीही व्यवस्था ठेवली नव्हती: ना भेटीची रजा, ना पत्ता कळवण्याची सक्ती, ना बायकोच्या नावे थेट पैसे पोचवण्याची सोय. जिथं मन खंबीर होतं तिथं घर टिकलं आणि त्याचं श्रेय योजनेनं घेतलं. जिथं ते ढासळलं तिथं दोष त्या माणसाच्या चारित्र्याचा ठरला. मुलांसाठी बाप म्हणजे वर्षातून काही आठवडे दिसणारा, डब्यात गोळ्या आणणारा पाहुणा होता, हे चांगल्या घरांतही खरं. १९२०च्या दशकात मुलं बीटच्या सरींत रांगत होती, त्यापेक्षा घरी आईजवळ होती हे बरंच नाही का, असंही विचारता येईल. बरंच होतं. पण मुलांना शेतात राबवणं आणि मुलांना बापापासून तोडणं या दोनांतूनच एक निवडायचं होतं, हे कुणी ठरवलं? १९४२च्या करारात मुलांना कामाची बंदी आणि शाळेची सोय, दोन्ही एकाच वाक्यात होती. तिसरा रस्ता लिहून ठेवलेला होता. त्यावरून कुणाला जाऊ दिलं नाही.

कापून ठेवलेल्या त्या दहाव्या हिश्श्याची कथा या सगळ्याचा पुरावा म्हणून पुरेशी आहे. चाळीसच्या दशकातल्या मजुरांची ही बचत अमेरिकेतून मेक्सिकोच्या बँकांत गेली आणि असंख्यांच्या हाती कधीच पडली नाही. पुष्कळांना आपली अशी काही रक्कम आहे हेच माहीत नव्हतं, कारण करार वाचून दाखवायची तसदी कुणी घेतली नव्हती. पन्नासेक वर्षांनी म्हातारे ब्रासेरो आणि त्यांची मुलं संघटित झाली, २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल न्यायालयात दावा लागला. मेक्सिकन सरकारनं २००५ मध्ये निधी उभारून प्रत्येकी ३८,००० पेसो देण्याचं ठरवलं आणि अमेरिकेत राहणाऱ्यांच्या दाव्यात २००८ मध्ये तडजोड झाली. माणूस वारला असेल तर विधवेला किंवा मुलांना हक्क होता. अट एकच, मूळ कागद दाखवा. साठ वर्षांपूर्वीचा करार, ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी. ज्या घरांनी ट्रंकेच्या तळाशी तो कागद जपून ठेवला त्यांना पैसे मिळाले; बाकीच्यांकडे बापाच्या हाताचे घट्टे आठवणारी माणसं होती, पण त्यांची साक्ष चालत नव्हती. मरणातही तीच तऱ्हा. २८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियातल्या लॉस गातोस दरीत परत पाठवल्या जाणाऱ्या मेक्सिकनांचं विमान कोसळलं. त्यातल्या २८ मेक्सिकनांना फ्रेस्नोत एकाच खड्ड्यात पुरलं आणि बातम्यांत नावं छापली ती विमानातल्या अमेरिकनांची. सगळ्यांची नावं कोरलेला दगड तिथं बसला २०१३ मध्ये. १७ सप्टेंबर १९६३ला त्याच राज्यात चुआलारजवळ बाकडी टाकून बस बनवलेल्या ट्रकला मालगाडीनं उडवलं, ३२ ब्रासेरो मेले. गालार्सा यांनी त्याची चौकशी करून पुढे पुस्तकच लिहिलं. त्या अपघातानं योजनेची उरलीसुरली अब्रू घालवली, आणि ३१ डिसेंबर १९६४ रोजी ती संपली.

ती संपली तर टोमॅटो शेतातच सडेल, असं कॅलिफोर्नियातले बागायतदार सांगत होते. तसं काही झालं नाही. डेव्हिसच्या विद्यापीठात तयार होऊन पडलेलं टोमॅटो काढणीचं यंत्र पाचसहा वर्षांत जवळजवळ सगळ्या प्रक्रिया-टोमॅटोवर फिरू लागलं. तीन अर्थतज्ज्ञांनी जुनी आकडेवारी तपासून २०१८ मध्ये दाखवलं की ब्रासेरो गेल्यानं देशी मजुरांची मजुरी काही वाढली नाही. यावरून काही जण म्हणतात की योजनेनं मजुरी दाबली होती हा आरोप खोटा. माझ्या मते यातून इतकंच निघतं की मालकाला मजुरी वाढवण्यापेक्षा यंत्र परवडलं. माणसं स्वस्त होती तोवर यंत्र कपाटात राहिलं. जिथं यंत्र चालत नाही त्या लेट्यूस, स्ट्रॉबेरी, द्राक्षांसाठी माणसं येतच राहिली, काही मालकाच्या शिफारशीवर कायमच्या वास्तव्याचं ओळखपत्र मिळवून, बाकीची विनाकागद. डेलानोचा द्राक्षमजुरांचा संप सप्टेंबर १९६५ मध्ये सुरू झाला, योजना संपल्यावर वर्षाच्या आत, हा निव्वळ योगायोग नव्हे; संप फोडायला कराराचे मजूर आता मिळत नव्हते. ज्यांना कागद मिळाले त्यांनी बायकोमुलांना आणलं. विनाकागद आलेले बरीच वर्षं हंगामी येत-जात राहिले. १९९४ नंतर सरहद्दीवर कुंपण आणि पहारा वाढला तसं समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी दाखवलं ते घडलं. परत जाऊन पुन्हा येणं महागलं आणि जिवावरचं झालं, म्हणून माणसांनी परत जाणंच सोडलं आणि कुटुंब इकडे आणलं. माणसाला बाहेर ठेवण्यासाठी घातलेल्या कुंपणानं घरंच्या घरं आत आणली. पन्नास वर्षं जे टाळण्यासाठी आटापिटा केला, तेच झालं.

तरी अमेरिकेच्या शेतीत आज सगळ्यात झपाट्यानं वाढणारा मजूर तोच जुना आहे. १९८६च्या कायद्यानं आखलेल्या एच-२ए या हंगामी व्हिसाखाली २०२३च्या आर्थिक वर्षात साडेतीन लाखांहून जास्त जागा मंजूर झाल्या आणि त्यांवर येणारे बहुसंख्य मेक्सिकनच आहेत. मालक ठरलेला, मुदत ठरलेली, परतीचा प्रवास ठरलेला. या व्हिसाच्या नियमांत बायको आणि मुलांना बरोबर येण्याची परवानगी आहे. मालकानं द्यायची जागा मात्र सर्वसाधारणपणे मजुरापुरती असते, तिथं कमाई करायला जोडीदाराला मुभा नाही, आणि एका हंगामाच्या मजुरीत अमेरिकेत घरभाडं भरून कुटुंब ठेवणं सहसा जमत नाही. म्हणून बहुतेक जण एकटेच येतात आणि पैसे घरी पाठवतात. २०२३ मध्ये सगळ्या प्रकारच्या स्थलांतरितांनी मिळून मेक्सिकोला ६० अब्ज डॉलरहून अधिक पैसे धाडले. दोन्ही देशांतले पुढारी या आकड्याचं आणि तो धाडणाऱ्या कुटुंबवत्सल माणसाचं कौतुक करतात. कौतुक जरूर करावं, पण त्याआधी मालकाच्या छावणीत मजुराच्या बायकोमुलांसाठी किती खोल्या बांधल्या आहेत ते विचारावं.